बिनपाण्याचं कूलंट

मे महिन्यात खंडाळ्याचा जुना घाट चढताना काटा लाल पट्टीकडे सरकायला लागला, की आमच्या घरात एक ठरलेली कवायत सुरू व्हायची. वडील गाडी कडेला घ्यायचे, मागच्या चाकाला दगड लावायला मला पिटाळायचे आणि बॉनेट उघडून सगळे जण झाडाखाली बसायचे. शिंगरोबाच्या देवळाच्या आसपास अशा चार-दोन गाड्या तोंड वासून उभ्या असायच्याच. पाण्याचा कॅन डिकीत तयार असायचा, पण अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. एकदा शेजारच्या गाडीतल्या काकांनी घाई केली. हातरुमाल धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि पुरुषभर उंचीचा उकळता फवारा उडाला. काकांचा हात कोपरापर्यंत भाजला. आमच्याकडची पिण्याच्या पाण्याची बाटली त्या हातावर रिकामी झाली आणि पुढचा घाट आम्ही तहानलेले चढलो.

त्या फवाऱ्याचं कारण त्या झाकणातच असतं. रेडिएटरचं झाकण उलटं करून पाहिलंत तर एक जाड स्प्रिंग, तिच्या टोकाला रबरी चकती आणि चकतीच्या मधोमध आणखी एक चिमुकली झडप दिसेल. बऱ्याच झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडाही असतो. हवेच्या नेहमीच्या दाबापेक्षा किती जास्त दाब आत साठू द्यायचा, ते तो बार या एककात सांगतो. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं, हे प्रेशर कुकरनं घरोघरी शिकवलेलंच आहे. एक बार जादा दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं आणि निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं नेहमीच्या कूलंटचं मिश्रण १२९ अंशांच्या आसपास. म्हणजे घाटात ११५ अंशांवर गेलेलं पाणी बंद झाकणाखाली अजून उकळलेलं नसतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि त्यातलं काही पाणी क्षणात वाफ होतं. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे-सतराशे लिटर होते. तिला बाहेर पडायला वाट एकच, नेमकी आपल्या हाताखाली.

चिमुकली झडप उलट्या कामाची. इंजिन गार झालं की आतलं पाणी आकसतं, पोकळी होते आणि ही झडप बाजूच्या बाटलीतून कूलंट परत ओढून घेते. पाच-सहा वर्षांत चकतीचं रबर कडक होतं, स्प्रिंग थकते आणि झाकण दाब धरेनासं होतं. गाडी तापते म्हणून हजारोंचा खर्च करून झाल्यावर शेवटी झाकण बदललं आणि सगळं थांबलं, असे किस्से गॅरेजमध्ये ढिगानं मिळतात.

आता कोणी विचारील, पाणी उकळतं म्हणून एवढं रामायण असेल तर पाणीच काढून टाकलं तर? बिनपाण्याचं कूलंट हे त्या प्रश्नाचं उत्तर. त्यात इथिलीन ग्लायकॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा दोन्हींचं मिश्रण असतं, वर गंज रोखणारी थोडी रसायनं. पाणी जवळजवळ शून्य. इथिलीन ग्लायकॉल उकळतं १९७ अंशांना, प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ला. तेही हवेच्या साध्या दाबाखाली. इंजिनातलं कूलंट शंभर-सव्वाशे अंशांवर गेलं तरी उकळीला साठ-सत्तर अंश बाकी. वाफ नाही, म्हणून दाब नाही. होज पाइप फुगत नाहीत, झाकण उघडलं तर फवारा नाही. अमेरिकेत जॉन इव्हान्स या अभियंत्यानं १९८० च्या दशकात या विषयावर पेटंटं घेतली आणि त्यांच्या नावाची कंपनी आजही हेच कूलंट विकते.

कल्पना मात्र त्यांच्याही आधीची. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनच्या हरिकेन आणि स्पिटफायर विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं. बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं हे धूड पहिल्या काही आवृत्त्यांत निव्वळ इथिलीन ग्लायकॉलवर गार राहायचं. कारण उंची. नऊ हजार मीटरवर हवा इतकी विरळ की पाणी ७० अंशांच्या आसपासच उकळतं. ग्लायकॉल तिथंही शांत. शिवाय कूलंट जितकं गरम, तितकी त्याच्यातली उष्णता हवेला सहज देता येते, म्हणून रेडिएटर लहान चालतो आणि लहान रेडिएटर वाऱ्याला कमी अडतो. लढाऊ विमानाला आणखी काय हवं?

पण लवकरच रोल्स-रॉइसनं पुढच्या मर्लिनमध्ये पाणी परत आणलं. सत्तर टक्के पाणी, तीस टक्के ग्लायकॉल आणि सगळं दाबाखाली. इंजिनं जास्त टिकू लागली, तेलाची गळती कमी झाली आणि पेट घेऊ शकणाऱ्या ग्लायकॉलमुळे असलेला आगीचा धोका गेला. ज्यांना पैशाची फिकीर नव्हती आणि वजनाचा ग्रॅम न् ग्रॅम मोजायचा होता, त्यांनी बिनपाण्याचं कूलंट वापरून पाहिलं आणि पाण्याकडे परत आले. हे का झालं असावं, ते कळलं की आपल्या गाडीचा निर्णय बराचसा झालाच.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेचे ढोबळ तीन वाटे करा. एक चाकांना मिळतो, एक धुराड्यातून जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत शिरतो. सिलिंडरमधल्या ज्वाळेचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं आणि हेड ज्या ॲल्युमिनियमचं असतं ते ६६० अंशांना वितळतं. म्हणजे ही उष्णता सतत उपसत राहावी लागते, विहिरीत पाझर लागल्यावर मोट थांबवता येत नाही तशी. मोट किती मोठी, हा खरा प्रश्न. एक लिटर पाणी एका अंशानं तापताना सुमारे ४.२ किलोजूल उष्णता पोटात घेतं. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचं एक लिटर साडेतीन किलोजूल घेतं. निव्वळ ग्लायकॉलचं जेमतेम २.७. उष्णता वाहून नेण्याच्या गुणात तर ग्लायकॉल पाण्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. शिवाय ते घट्ट. थंड इंजिनात इथिलीन ग्लायकॉल पाण्याच्या पंधरा-वीस पट चिकट असतं आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल त्याहून जास्त. गॅरेजवाले ज्याला वॉटर बॉडी म्हणतात त्या पंपाला ते ढकलताना जोर लावावा लागतो आणि मिनिटाला फिरणारं कूलंट कमी होतं. मोट लहान आणि बैलही सावकाश.

उष्णता मात्र तेवढीच. ती बाहेर जायला हवी म्हणजे धातू आणि कूलंट यांच्या तापमानातलं अंतर वाढायला हवं, अर्थात धातू जास्त तापायला हवा. काटा पूर्वीपेक्षा काही अंश वर राहतो, हे बिनपाण्याच्या कूलंटचे विक्रेतेही मान्य करतात. त्यांचं म्हणणं असं की, त्यानं काही बिघडत नाही, कारण कूलंट उकळत नाही. पण काटा कूलंटचं तापमान दाखवतो, हेडच्या धातूचं नाही. धातू जास्त तापला तर ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल आपोआप पेटू पाहतं आणि इंजिन ठोके देऊ लागतं. आजच्या गाड्यांतला संगणक ते ओळखतो आणि ठिणगीची वेळ मागे सरकवतो. गाडी वाचते, पण दम आणि ॲव्हरेज दोन्ही थोडे जातात. मालकाला वाटतं, पंपावर भेसळ झाली.

या कूलंटच्या बाजूनं बोलायचं तर सगळ्यात भक्कम मुद्दा वाफेच्या पापुद्र्याचा, आणि तो स्वयंपाकघरात नीट समजतो. भाकरीचा तवा तापला का, हे पाहायला त्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात. थेंब चर्र करून लगेच उडाला तर तवा बरोबर. पण तवा फारच तापला असेल तर थेंब उडत नाही, मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर नाचत राहतो. त्याच्याखाली त्याच्याच वाफेची गादी तयार झालेली असते आणि ती तव्याची उष्णता थेंबापर्यंत पोचू देत नाही. इंजिनाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला धातू असाच चटके देणारा असतो. तिथलं पाणी, बाकीचं कूलंट नव्वद अंशांवर असलं तरी, बुडबुडे धरतं. हे बुडबुडे सुटत राहिले तर उलट चांगलं, कारण एक किलो पाणी वाफ होताना सव्वादोन हजार किलोजूल उष्णता घेऊन जातं आणि ग्लायकॉल यात पाण्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. पण बुडबुड्यांचा सलग पापुद्रा झाला की नाचणाऱ्या थेंबाची गत. तेवढ्या जागी धातू उघडा पडतो, हेड वाकतं, हेड गॅस्केट उडतं. बिनपाण्याच्या कूलंटमध्ये एखादा बुडबुडा झालाच तर भोवतालचं द्रव त्याच्या उकळीपेक्षा ऐंशी-नव्वद अंश गार असल्यामुळे तो तिथंच विरतो. घाट चढून आल्यावर इंजिन बंद केलं की पंप थांबतो, धातूतली उष्णता उरलेल्या पाण्यात मुरते आणि गाडी उभ्या जागी उकळते. तो प्रकारही इथं टळतो.

दुसरा मुद्दा गंजाचा. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत ॲल्युमिनियम, ओतीव लोखंड, तांबं, पितळ, डाग देताना वापरलेलं कथिल असे सगळे धातू एकत्र नांदतात. मध्ये पाणी आलं की त्याची बॅटरी होते आणि दुबळा धातू झिजतो. पाणी नसेल तर हा व्यवहार जवळजवळ थांबतो. मोठ्या डिझेल इंजिनात सिलिंडरचं अस्तर म्हणजे लायनर थरथरतो, त्याला लागून सूक्ष्म बुडबुडे होतात, फुटतात आणि वर्षानुवर्षं टोचे मारून लायनरला सुईएवढी भोकं पाडतात. मग पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल दुधाळ होतं. बिनपाण्यात हाही त्रास कमी.

थंडीबाबतीत मात्र गंमत आहे. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांना गोठतं. त्यात निम्मं पाणी मिसळलं की गोठणबिंदू उणे ३७ च्या आसपास उतरतो. म्हणजे लडाखला निघालेल्या माणसाला पाणी काढायची नव्हे, मिसळायची गरज. म्हणून विकत मिळणाऱ्या बिनपाण्याच्या कूलंटमध्ये फार कमी तापमानालाही न गोठणारं प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात, आणि ते जास्त चिकट. एका बाजूनं मिळवलं की दुसऱ्या बाजूनं द्यावं लागतं.

आता समजा ठरवलंच. तर खरी परीक्षा भरताना नाही, रिकामं करताना आहे. कूलंटमध्ये पाणी तीन टक्क्यांच्या आत राहायला हवं, नाहीतर उकळीचा फायदा झपाट्यानं ओसरतो. सहा लिटरच्या गाडीत तीन टक्के म्हणजे १८० मिलिलिटर, दोन कटिंग चहा. आणि रेडिएटरचा खालचा नळ उघडून सगळं वाहून गेलं असं वाटतं तेव्हा ब्लॉकच्या पोटात, हीटरच्या नळ्यांत आणि होज पाइपांच्या वळणांत सहज लिटरभर उरलेलं असतं.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी आपल्या १९४० च्या दशकातल्या गाडीत हा बदल केला तेव्हा मी तिथं होतो. ब्लॉकचा ड्रेन प्लग इतका गंजला होता की तो सुटायलाच दुपार झाली. सुटला तरी काही आलं नाही. मिस्त्रींनी भोकात तार घातली, फिरवली आणि मग विटकरी रंगाचा, दह्यासारखा घट्ट गाळ भळाभळा बाहेर आला. कित्येक वर्षांचं बोअरचं पाणी होतं ते. शेजारच्या पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरनं एकेका तोंडातून हवा मारली. मग पाणी शोषून घेणारं धुण्याचं द्रव भरलं, गाडी चालू ठेवून तापवली, तेही काढलं, पुन्हा हवा मारली आणि मग कुठं नवं कूलंट आत गेलं. शेवटी त्याचा एक थेंब पाण्याचं प्रमाण दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवून, ते उन्हाकडे धरून, भिंगातून रेघ पाहिली. रेघ जिथं हवी तिथं नव्हती. मग सगळं दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. बिलाचा कागद हातात आल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "बिनपाण्यानं केली हो माझी." या कूलंटची किंमत साध्याच्या कित्येक पट असते, आणि धुण्याचं द्रव वेगळं.

पण त्यांच्यासाठी तो सौदा वाईट नव्हता. त्यांची गाडी महिन्यातून एखादा रविवार बाहेर पडते, बाकी दिवस झाकून उभी असते. रेडिएटर पितळेचा, दाब सोसणारा नाही. त्याला नवा जोड मिळत नाही. अशा गाडीचा शत्रू उष्णतेपेक्षा गंज, आणि गंजाला पाणी लागतं. अमेरिकेतला जुन्या गाड्यांचा नामवंत संग्राहक, विनोदवीर जे लेनो या कूलंटचं कौतुक करतो, त्यामागेही जुन्या गाड्यांचं हेच गणित असावं.

रोज पुणे-चाकण करणाऱ्या आपल्या हॅचबॅकचं गणित निराळं. तिचा पंप, रेडिएटर, पंखा चालू होण्याचं तापमान, संगणकातले आकडे, सगळं निम्म्या-निम्म्या मिश्रणाच्या हिशेबानं बांधलेलं असतं. वॉरंटीच्या काळात कंपनीनं सांगितल्यापेक्षा वेगळं काही घातलं तर पुढं वाद ठरलेला. आणि मुळात धडधाकट गाडीतलं कूलंट उकळत नाही. उकळलं तर कुठंतरी बिघाड असतो. रेडिएटरच्या जाळीत चिखल बसलेला असतो, पंख्याचा रिले गेलेला असतो, वॉटर बॉडीची पाती झिजलेली असतात किंवा थर्मोस्टॅट अडकलेला असतो. एका मिस्त्रींनी आमच्या गाडीचा थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता. "आपल्याकडं थंडी कुठंय, साहेब? वॉल कशाला पाहिजे?" पुढं वर्षभर इंजिन नीट तापलंच नाही आणि पेट्रोल ढोसत राहिलं. अशा दुखण्यांवर बिनपाण्याचं कूलंट म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर फोडणं. उलट उकळण्याची, वाफेची जी ठळक सूचना मिळायची ती बंद होते आणि गाडी मुकाट्यानं जास्त गरम चालत राहते.

शर्यतीच्या मैदानावर तर ग्लायकॉलचं नाव काढू नये. रस्त्यावर सांडलं तर पाणी वाळतं, ग्लायकॉल तेलासारखं निसरडं होऊन पडून राहतं. मोटरसायकल शर्यतींच्या अनेक नियमावल्या त्यामुळे ग्लायकॉलला मज्जावच करतात.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ती साध्या कूलंटलाही लागू आहे. इथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. मोठ्या माणसाला शंभर मिलिलिटरच्या आसपास जीवघेणं ठरू शकतं, लहान मुलाला किंवा कुत्र्याला फारच थोडं. रुग्णालयात यावर उतारा म्हणून फोमेपिझोल देतात आणि ते हाताशी नसेल तर चक्क अल्कोहोल, कारण यकृतातलं एकच एंझाइम दोघांवर काम करतं आणि त्याला अल्कोहोल जास्त आवडतं. याच कुटुंबातल्या डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ ग्लिसरीनमध्ये झाल्यामुळे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले होते आणि त्यावर लेंटिन आयोग बसला होता. तेव्हा काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत तर मुळीच भरून ठेवू नका. प्रॉपिलीन ग्लायकॉल त्यामानानं सौम्य, औषधांत आणि खाद्यपदार्थांतही वापरतात. पण डब्यात नेमकं काय आहे ते लेबल वाचल्याशिवाय धरून चालू नये. रंगावरून तर अजिबात नाही. हिरवा, लाल, निळा हे रंग ज्या त्या कंपनीच्या मर्जीचे.

साध्या गाडीसाठी करण्यासारखी गोष्ट स्वस्त आहे. पाणी काढायचं नाही, पाणी बदलायचं. दख्खनच्या बोअरवेलचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमनं भरलेलं. बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोच ब्लॉकच्या आत, सगळ्यात गरम जागी धरतो आणि धातूला गोधडी पांघरतो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते कूलंट निम्मं-निम्मं, किंवा थेट तयार मिश्रण. ठरलेल्या मुदतीला बदल, आणि सोबत नवं झाकण.

त्या गृहस्थांच्या जुन्या गाडीचं पुढं काय झालं? दोन महिन्यांनी ते लोणावळ्याला गेले. पेट्रोल पंपावर बॉनेट उघडून कोणाला तरी इंजिन दाखवत होते. तेवढ्यात तिथल्या उत्साही पोरानं रेडिएटरचं झाकण उघडलं, पातळी जरा खाली दिसली आणि त्यानं प्रेमानं अर्धा मग पाणी ओतलं. "भरून दिलं, काका!" आता त्या झाकणाला तारेनं बांधलेला एक पत्र्याचा बिल्ला लोंबतो. लाल रंगात, ठळक अक्षरांत: पाणी घालू नये. वाचणारा प्रत्येक जण आधी बिल्ल्याकडे बघतो, मग काकांकडे.